वात, पलिता, टॉर्च : पिळाच्या शब्दांचा माग कसा काढावा

समईत घालायची वात, तोफेला बत्ती द्यायचा पलिता आणि अंधारात वाट दाखवणारा टॉर्च. तिन्ही शब्दांच्या पोटात एकच क्रिया आहे, तंतू पिळण्याची. वात आली संस्कृत ‘वर्ति’वरून आणि वर्ति आली ‘वृत्’ म्हणजे फिरणे, वळणे या धातूवरून. पलिता फारसीतून आला. फारसीने तो अरबी ‘फतील’वरून घेतला होता, आणि अरबीत फ-त-ल या तीन व्यंजनांचा अर्थ दोरी पिळणे. टॉर्चच्या मुळाशी लॅटिन ‘तोर्क्वेरे’ आहे, त्याचाही अर्थ पिळणे. बॅटरी येण्याआधीचा टॉर्च म्हणजे पिळून पेटवलेली मशाल होती. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत तर ‘ह’सारख्या एका ध्वनीचं चिन्हच अळशीच्या तंतूंची पिळलेली वात आहे.

आणि तरीही वर्ति, फतील व तोर्क्वेरे ही तीन मुळं एकमेकांची कोणी लागत नाहीत. माणसाने दिवा लावला तिथे तिथे वात पिळली, म्हणून अर्थ जुळले. पिळणं, गुंफणं, वेढणं, गुंतणं या शब्दांत फिरताना हे सतत होतं. अर्थ इतके छान जुळतात की नातं असणारच असं वाटतं. पण शब्दांचं नातं ठरतं ध्वनींवरून. अर्थ फक्त शोध कुठून सुरू करायचा ते दाखवतो.

आधी दोरा हातात घ्या

कोश उघडण्याआधी पंधरा मिनिटं हे करून बघा. या शब्दांचे अर्थ हाताच्या हालचालींवर बेतलेले आहेत आणि ती हालचाल माहीत नसेल तर कोशातले बारकावे निसटतात.

एक मीटर लोकर किंवा गोधडीचा जाड सुती दोरा घ्या. एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसरं चिमटीत धरून दोरा ताणलेला ठेवा आणि एकाच दिशेला फिरवत राहा. लोकरीला ऐंशी ते शंभर फेरे पुरतात. किंचित सैल सोडून बघा. दोरा स्वतःवर उलटायला लागला की थांबा. आता दोऱ्याच्या मध्यावर एक किल्ली अडकवा, तिने दोरा ताणलेलाच राहील अशा बेताने चिमटीतलं टोक कडीपाशी न्या आणि किल्ली सोडून द्या. किल्ली उलट्या दिशेने गरगर फिरेल आणि दोन्ही अर्ध्या भागांची मिळून एक घट्ट दोरी तयार होईल. लांबी अर्ध्याहून थोडी कमी, साधारण ४५ सेंटिमीटर भरते.

एका दोऱ्यात भरला तो पीळ. दोन भाग एकमेकांभोवती फिरले ते वळणं, म्हणूनच आपण ‘दोरी वळतो’, नुसती पिळत नाही. दोन भाग म्हणजे दोन पेड. तीन पेड एकाआड एक वरून-खालून नेले की तिपेडी वेणी. दोरी खांबाभोवती नेली तर तो वेढा. टोक स्वतःच्याच फासातून काढून ओढलं की गाठ. आणि दोन भाग जोडण्याआधी ताण सुटला तर दोरा जागोजागी मुरडून बसतो, तो तिढा. ‘जागावाटपाचा तिढा’ हे शब्द वर्तमानपत्रांत रोज येतात. तो तिढा मुळात असा दोरीत पडतो. ताण न सोडता तो सुटत नाही आणि नुसतं ओढलं तर जास्तच आवळतो.

दोरी का टिकते, हेही इथेच कळतं. प्रत्येक पेड उलगडायला बघतो, पण त्याचं उलगडणं दोरीचा वळ आणखी घट्ट करतं, कारण दोन्हींच्या दिशा विरुद्ध असतात. दोन्ही एकाच दिशेने फिरवले तर हातातून सोडताच सगळं सुटतं. इंग्रजीतला ‘ट्वाइन’ हा शब्द या दुसऱ्या टप्प्याचा आहे. तो ‘दोन’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला, म्हणजे दुहेरी धागा. ‘ट्विस्ट’ही ‘दोन’वरूनच. जर्मनमध्ये शिवणाच्या पक्क्या दोऱ्याला ‘त्स्वीर्न’ म्हणतात, तेही त्याच घरातलं. आपल्याकडे हा विचार दुसऱ्या वाटेने आला. संस्कृतात ‘गुण’ म्हणजे दोरीचा पेड, आणि धनुष्याची दोरीही. दोन पेडांचं ते द्विगुण. ‘बे दुणे चार’मधला ‘दुणे’ त्या द्विगुणाचाच झिजलेला अवशेष आहे. शाळेतला गुणाकार आणि माणसाचे गुण, दोन्हींच्या मागे कुठेतरी दोरी वळणारे हात आहेत.

शब्दाची चिठ्ठी कशी भरायची

प्रत्येक शब्दासाठी एक कागद किंवा वहीचं एक पान. वर शब्द. त्याखाली आजच्या वापरातली निदान तीन वाक्यं, आणि त्यांतलं एक तरी कारागिराच्या किंवा स्वयंपाकघराच्या तोंडचं असावं. ‘वळणे’साठी नुसतं ‘गाडी डावीकडे वळली’ लिहून भागणार नाही. ‘वाती वळल्या’, ‘लाडू वळले’, ‘दोरखंड वळला’ ही वाक्यं हवीत, कारण शब्दाचा जुना अर्थ बहुधा अशाच कोपऱ्यात टिकून राहतो. त्याखाली क्रियेची नोंद: धागे किती, कोण फिरतं आणि कोण स्थिर राहतं, रचना हेतूने केली की आपोआप झाली, आणि टोक ओढलं तर सुटते की आवळते. मग जुनं रूप, मधलं रूप आणि शेजारच्या भाषांतली रूपं.

क्रियेची ही नोंद कंटाळवाणी वाटते, पण भाषांतर करताना तीच वाचवते. ‘गुंफणे’ आणि ‘गुंतणे’ कानाला जवळचे आहेत; पहिल्यात क्रम आहे, दुसऱ्यात तो हरवलेला आहे. हार गुंफतात, केस गुंततात. इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या मजकुरात या दोघांची अदलाबदल फार होते, आणि वाक्याचा भावच उलटा होतो.

मराठी शब्द मागे नेताना

संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना ध्वनी ठरावीक वाटांनी बदलले. पिळाच्या शब्दांना त्यातल्या मोजक्याच वाटा लागतात.

सगळ्यात जास्त चालणारी वाट जोडाक्षराची. प्राकृतात जोडाक्षराचं द्वित्त होतं, म्हणजे एकच व्यंजन दोनदा येतं, मराठीत द्वित्तातलं एक व्यंजन गळतं आणि मागचा स्वर लांबतो. सूत्र, सुत्त, सूत. वर्ति, वत्ति, वात. अनुस्वाराचंही तसंच: ग्रंथि, गंठि, गाठ. ग्रंथिचा हा गंठि एकदा दिसला की गाठोडं, गाठणं ही सगळी मंडळी रांगेत उभी राहतात. आणि ‘ग्रंथ’ मात्र संस्कृत रूपातच राहिला, पानांना भोक पाडून दोऱ्यात ओवलेला. लॅटिनमध्ये ‘टेक्स्ट’ विणण्यावरून आला, आपल्याकडे ग्रंथ ओवण्या-बांधण्यावरून. वीण आणि गाठ यांतला फरक इथे धरून ठेवावा. ‘दोन्हीकडे धागाच’ म्हणून सोडून देऊ नये.

दुसरी वाट ‘ड’ची. दोन स्वरांमधला ड मराठीत ळ होतो: गुड–गूळ, षोडश–सोळा, तडाग–तळं. त्याच वाटेने ‘पीड्’ म्हणजे दाबणे, छळणे यावरून ‘पिळणे’ आलं. म्हणजे कपडे पिळणं आणि जिवाला पीडा होणं हे एकाच धातूचे दोन वारस. एक लोकांच्या तोंडी राहून बदलला, दुसरा पोथीतून तसाच उचलला गेला. ‘पिळवणूक’ या शब्दात ते दोघे पुन्हा भेटतात. लॅटिनमध्ये प्रवास उलट्या दिशेने झाला: तोर्क्वेरे म्हणजे पिळणे, त्यावरून ‘टॉर्चर’ म्हणजे यातना. चिठ्ठीवर अर्थाची दिशा बाणाने दाखवा, नाहीतर महिन्याभराने दोन्ही उदाहरणं एकसारखी वाटायला लागतात.

तिसरी जागा जरा निसरडी आहे. ‘र्त’ या जोडाक्षरातला त कधी ट होतो, कधी त राहतो. वर्त्मन्–वाट आणि वर्तुल–वाटोळं यांत ट झाला, वर्ति–वात यात झाला नाही. म्हणून ‘र्त’ असलेला शब्द पुढे आणताना दोन्ही रूपं शोधायची. पायाखालची वाट आणि समईतली वात या सख्ख्या बहिणी आहेत, हे अशा शोधातूनच कळतं.

आता कोशाची गोष्ट. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७), टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश (१९६२ ते १९६६) आणि बरो व एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश (१९६१, सुधारित १९८४) हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. मोल्सवर्थमध्ये ‘गुंतणे’ टाकलं तर बहुतेक काही सापडत नाही आणि लोक समजतात की शब्दच नाही. तिथे क्रियापदं जुन्या लेखनात आहेत, शेवटी अनुस्वार देऊन: ‘गुंतणें’, ‘वेढणें’, ‘पिळणें’. नपुंसकलिंगी नामांनाही तसाच अनुस्वार द्यावा लागतो.

मोल्सवर्थचा खरा उपयोग अर्थासाठी. कोणत्या धंद्यात शब्द कसा वापरत, हे तो फार नेमकं सांगतो. कंसातली व्युत्पत्ती मात्र केवळ सूचना समजावी, कारण ध्वनिनियमांचा काटेकोर अभ्यास त्या काळी नुकता कुठे सुरू झाला होता. व्युत्पत्तीसाठी टर्नर उघडा. त्यात मुख्य नोंद संस्कृत रूपाची असते आणि खाली पाली, प्राकृत, मग आजच्या भाषा येतात. रूपाआधी तारांकन दिसलं तर ते रूप कुठल्या ग्रंथात मिळालेलं नाही, तुलनेवरून बांधलेलं आहे. चिठ्ठीवर तारांकन न विसरता उतरवावं. मराठी शब्दापासून शोध घ्यायचा असेल तर १९६९ सालच्या वेगळ्या सूची-खंडातून नोंदीचा क्रमांक काढता येतो. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ (१९४६) जवळ असेल तर तोही पाहावा, पण टर्नरशी पडताळून.

दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. पहिलं, एकासारखे दिसणारे दोन धातू. ‘कातणे’ आणि ‘कात्री’ एकाच मुळाचे वाटतात, आणि संस्कृतात दोन्हींचा धातू ‘कृत्’ असाच लिहितात. पण ते दोन वेगळे कृत् आहेत. एकाचा अर्थ कापणे, त्यातून कर्तरी आणि मग कात्री; दुसऱ्याचा अर्थ सूत काढणे, त्यातून कातणे. दुसरं, शेजारच्या शब्दाचा मोह. वहाण म्हटलं की वाहन आठवतं, पाय वाहून नेते म्हणून अर्थही बसतो. वहाण आली आहे ‘उपानह्’वरून, आणि त्यातला ‘नह्’ म्हणजे बांधणे. ‘सन्नद्ध’मध्येही तोच आहे. पालीत ‘उपाहना’ रूप मिळतं, तिथे न आणि ह यांनी जागा बदललेल्या दिसतात. तो मधला टप्पा नजरेला पडला की वाहन बाजूला पडतं. म्हणून मधलं रूप रिकामं ठेवून थेट संस्कृतावर उडी मारू नये.

पाहुणे शब्द ओळखताना

‘पेच’ घ्या. पतंगाचा पेच, कुस्तीतला डावपेच, पेचप्रसंग, सगळीकडे तो मुरलेला आहे. पण संस्कृतात मागे नेऊ गेलं तर धागा लागत नाही. फारसीत ‘पीचीदन’ म्हणजे पिळणे, मुरडणे, आणि ‘पीच’ म्हणजे पीळ. शब्द कुठल्या घरचा हे विचारायची सोपी कसोटी अशी: त्याची भावंडं कुठे राहतात? फारसीत पीचचं क्रियापद आहे, विशेषणं आहेत. मराठीत पेचाचं क्रियापद नाही, आपण पेच ‘टाकतो’ किंवा पेचात ‘सापडतो’.

हीच कसोटी ‘सुरळी’ला लावा. कागदाची सुरळी, सुरळीची वडी. मराठीत सुरळी ‘करावी’ लागते, गुंडाळण्याच्या अर्थाने तिचं स्वतःचं क्रियापद नाही. कन्नडात ‘सुरुळि’ म्हणजे गुंडाळी, तमिळमध्ये ‘सुरुळ्’ म्हणजे वेटोळं आणि वेटोळं होणे, ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळणे आणि गुंडाळलेली वस्तू. भरलेलं घर तिकडे आहे, म्हणून सुरळी दक्षिणेकडून आलेली. तमिळ सुरुट्टुनेच युरोपी जहाजांवरून प्रवास करून ‘चिरूट’ हे रूप घेतलं. वडीतली सुरळी आणि ओढायचा चिरूट एकाच गुंडाळण्याने नातलग निघावेत, हे सुरळीच्या वड्या करणाऱ्या प्रत्येकाला सांगण्यासारखं आहे.

द्राविडी शब्द तपासताना बरो–एमेनोंच्या कोशात एकाच भाषेतलं रूप पाहून थांबू नका. तमिळ, कन्नड आणि तेलुगू यांपैकी निदान दोन भाषांत, आणि शक्यतो क्रियापदासह, ते मिळायला हवं. सीमेवरच्या एकाच भाषेत असेल तर तो शब्द मराठीतून तिकडे गेलेला असण्याचीही तितकीच शक्यता असते.

दूरच्या भाषांचं नातं तपासताना

लॅटिन ‘प्लेक्तेरे’, ग्रीक ‘प्लेकेइन’, रशियन ‘प्लेस्ती’, जर्मन ‘फ्लेख्तन’. सगळ्यांचा अर्थ वेणी घालणे, विणणे. जर्मनमध्ये प ऐवजी फ दिसतो म्हणून शंका घेण्याआधी बघा की हा फरक नियमाने येतो का. लॅटिन ‘पातेर’ला जर्मन ‘फाटर’, लॅटिन ‘पिस्किस’ (मासा) ला ‘फिश’, लॅटिन ‘पेस’ (पाय) ला ‘फूस’. चार वेगळ्या शब्दांत तोच फरक मिळाला, तेव्हा नातं मानायला हरकत नाही. तीन स्वतंत्र उदाहरणं हा किमान हिशेब ठेवावा. एका जोडीवर कधीच नातं ठरवू नये. या प्लेक्तेरेच्या पोटी इंग्रजीतले ‘कॉम्प्लेक्स’ आणि ‘परप्लेक्स्ड’ आहेत: एक एकत्र विणलेलं, दुसरा पुरता गुंतून गेलेला माणूस.

सेमिटिक भाषांत तपासणी जास्त सोपी, कारण तिथे तीन व्यंजनांचा सांगाडा टिकून राहतो. अरबी फ-त-लच्या समोर हिब्रूत प-त-ल आहे, ‘पतील’ म्हणजे पिळलेला धागा. वस्त्राच्या झालरीत घालायच्या निळ्या धाग्यासाठी बायबलमध्ये हाच शब्द आहे. अरबी फ आणि हिब्रू प ही जोडी नियमित आहे का? अरबी ‘फतह’ (उघडणे) समोर हिब्रू ‘पाताह’, अरबी ‘नफ्स’ (जीव) समोर हिब्रू ‘नेफेश’. नेफेशमध्ये पुन्हा फ ऐकू येतो आणि नवशिका गोंधळतो. हिब्रूत स्वरानंतरचा प फ होतो आणि लिपीत अक्षर तेच राहतं. उच्चारावर न जाता अक्षरावर जायचं. आपली ‘फत्ते’ही त्याच फतहवरून आली आहे.

चिनीत ध्वनीऐवजी अक्षराची रचना बोलते. गुंतणे या अर्थाच्या ‘च्यौछान’ शब्दातल्या दोन्ही अक्षरांच्या डाव्या बाजूला रेशमाच्या धाग्याचं चिन्ह आहे. हे अर्थाचं पुरावेपण आहे, ध्वनीचं नाही. चिठ्ठीवर वेगळ्या रकान्यात टाकावं.

फसव्या जोड्यांची एक वेगळी यादी ठेवा. ‘टांगणे’ आणि इंग्रजी ‘टँगल’, ‘पिळणे’ आणि इंग्रजी ‘पील’. पहिल्या जोडीत टांगणं म्हणजे एका टोकाने अधांतरी सोडणं, त्यात गुंता कुठेच नाही. इंग्रजी आणि मराठीत ट समोर ट येण्याचा नियमही नाही. संस्कृतातल्या द समोर इंग्रजीत ट येतो: द्वि–टू, दश–टेन. म्हणजे दोन्हीकडे अगदी सारखं ऐकू येणं हाच नात्याविरुद्धचा पुरावा असतो. खरे दूरचे नातलग बहुतेक वेळा ओळखू येत नाहीत.

अर्थ कुठे फिरला ते पकडताना

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. ‘भक्तिभावाने ओतप्रोत’ हे शब्द वाचताना आज जवळपास प्रत्येकाच्या मनात भांडं ओसंडून वाहतं, कारण ‘ओत’ म्हटलं की ओतणे आठवतं. पण हा शब्द विणकराच्या मागावरचा आहे. विणणे या अर्थाच्या ‘वे’ धातूचं भूतकालवाचक रूप ‘उत’. आ अधिक उत म्हणजे ओत, प्र अधिक उत म्हणजे प्रोत: एक धागा उभा, एक आडवा. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते की हे सगळं पाण्यात ओत-प्रोत आहे, तर पाणी कशात ओत-प्रोत आहे? आणि मग एकेक लोक घेऊन ती विचारतच जाते, हे कशात विणलं आहे, ते कशात विणलं आहे. ओतण्याचा अर्थ धरला तर हा प्रश्न कोसळतो. माग धरला की दिसतं, ती विश्वाचं वस्त्र उलगडते आहे.

असा शब्द भेटला की जुना अर्थ खरा आणि आजचा चुकीचा असा निवाडा करू नये. आजच्या वाचकाला ओतप्रोतमधून ओसंडणं कळतं आणि भाषा तशी चालते. पण जुना मजकूर वाचताना माग मनात हवा, आणि ‘ओतपोत’ असं लिहायचा मोह झाला तर ‘प्रोत’ कुठून आला ते आठवावं.

‘गुंतवणूक’ही थांबून पाहण्यासारखी. इंग्रजी ‘इन्व्हेस्ट’चं मूळ लॅटिनमध्ये अंगावर वस्त्र घालणे असं आहे, पैशाला नवं रूप चढवायचं. मराठीत आपण पैसा गुंतवतो, म्हणजे तो अडकवून ठेवतो, सहज सुटणार नाही असा. मुदत ठेवीला आपलाच शब्द जास्त शोभतो. ‘गोवणे’चंही तसंच: फुलं दोऱ्यात गोवणं आणि माणसाला गुन्ह्यात गोवणं.

भांडणाकडे जाणारी वाट दोन भाषांत वेगवेगळी तयार झाली. ‘दोन’वरून निघालेला जर्मन ‘त्स्विस्ट’ म्हणजे तंटा. त्याचाच इंग्रजी भाऊ ‘ट्विस्ट’ म्हणजे पीळ. मराठीत दोनवरून ‘दुही’ झाली. दोन धागे एकत्र आले की दोरी, वेगळे झाले की तंटा. एकाच आकड्यातून दोन्ही.

भाषांतराचा एक प्रश्न आज खूप जणांपुढे येतो: पुंजभौतिकीत (क्वांटम भौतिकीत) एका कणाचं वर्णन दुसऱ्याला सोडून करता येत नाही अशा अवस्थेला ‘एंटँगलमेंट’ म्हणतात, तिला मराठीत काय म्हणावं? भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी १९३५ साली ही कल्पना मांडताना जर्मनमध्ये ‘फेरश्रेंकुंग’ शब्द वापरला, आणि त्याच वर्षीच्या इंग्रजी लेखात ‘एंटँगलमेंट’. दोन्हींची चित्रं वेगळी आहेत. जर्मन क्रियापद ‘फेरश्रेंकन’ हाताची घडी घालण्यासाठी वापरतात: दोन हात एकमेकांतून नेमके गेलेले, अडकलेले पण विस्कटलेले नाहीत. इंग्रजी शब्दात मात्र केसांचा गुंता आहे. चिनी आणि जपानी भाषांनी गुंत्याचाच शब्द घेतला, जपानीत ‘मोत्सुरे’ म्हणतात.

चिठ्ठीवरचे प्रश्न इथे कामाला येतात. कणांची ही अवस्था विस्कटलेली आहे का? नाही, तिचं गणित अतिशय काटेकोर आहे. एका कणाचं वर्णन दुसऱ्याला सोडून करता येतं का? तेही नाही. मराठीत ‘गुंतागुंत’ हा शब्द किचकटपणासाठी आधीच दिलेला आहे, त्यामुळे ‘पुंज गुंतागुंत’ वाचणाऱ्याला विषय अवघड आहे एवढंच कळतं. ‘गुंफण’ शब्दात क्रमही आहे आणि एकाला काढलं तर दुसऱ्याचं रूप बदलतं हा भावही आहे, शिवाय तो श्रोडिंगर यांच्या जर्मन शब्दाच्या जवळ जातो. लेखात पहिल्यांदा ‘एंटँगलमेंट म्हणजे गुंफण’ असं जोडून लिहावं आणि पुढे एकच शब्द शेवटपर्यंत पाळावा. मध्येच ‘गुंता’ आला की वाचक वेगळी संकल्पना समजतो.

उलटं चालून तपासणी

गोव्यात शिगमोत्सवात गोफ नाचतात. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून नाचणारे एकमेकांना ओलांडत जातात आणि वर वेणी तयार होते. मग तीच पावलं उलटी टाकून ती वेणी सोडवतात. एक पाऊल चुकलं तर दोऱ्या मोकळ्या होत नाहीत. व्युत्पत्तीची तपासणी अशीच करायची. मराठीतून संस्कृतापर्यंत गेलात, आता चिठ्ठी झाका आणि फक्त नियम हाती धरून संस्कृतातून मराठीत परत या. वर्तुल, वट्टुल, वाटोळा: नीट उतरलं.

आता ‘वेष्ट्’वरून ‘वेढा’ उतरवून बघा. ष्ट चं प्राकृतात ट्ठ होतं आणि मराठीत ठ: मुष्टि–मूठ, दृष्टि–दीठ. त्या हिशेबाने ‘वेठा’ यायला हवा, आणि आपल्याकडे तर वेढा आहे. इथे व्युत्पत्ती फेकून देऊ नका, मधला टप्पा पाहा. पालीत ‘वेठेति’ आहे, एकाच ठ चा. ए हा स्वर मुळातच दीर्घ, म्हणून पुढचं द्वित्त सुटलं आणि ठ एकटा, दोन स्वरांच्या मध्ये सापडला. तसा एकटा ठ पुढे ढ होतो: मठ–मढी, पठ्–पढणे. म्हणून वेढणे, वेढा. नियम मोडला नव्हता, दुसरा नियम आधी लागला होता.

आणि जो ‘वेठ’ अपेक्षित होता, तोही मराठीत आहेच: वेठबिगार, वेठीस धरणे. वेढून अडवून धरलं म्हणून वेठीस धरलं, असं कोणी सांगितलं तर अर्थ बरोबर बसतो आणि वेष्ट्च्या चिठ्ठीवर तो लिहावासा वाटतो. लिहू नका. ती वेठ ‘विष्टि’वरून आली, म्हणजे राजाने मोबदला न देता करून घेतलेलं सक्तीचं काम. तिथे इ ऱ्हस्व होती, ट्ठ टिकला, आणि ठ ठच राहिला.